भरवशाचे हत्यार

बाजारात वस्तू पारखून घेण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. बैल घ्यायचा तर त्याचे दात पाहतात, त्याला चार पावले चालवून पाहतात. मडके घ्यायचे तर बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. वसमतच्या मोंढ्यात हळद घ्यायला आलेला व्यापारी हळकुंड मोडतो आणि आतला रंग पाहतो. या सगळ्या पारखण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वस्तू चांगली निघाली की घेणाऱ्याचे भले होते, ही ती गोष्ट. चांगला बैल म्हणजे चांगली नांगरट आणि पक्के मडके म्हणजे उन्हाळ्यात थंड पाणी. कामाला चांगले आणि माणसाला चांगले, हे 'चांगले' या शब्दाचे दोन अर्थ येथे एकमेकांत असे मिसळून गेलेले असतात की, ते वेगळे करून पाहण्याची गरजच कधी पडत नाही.

पण एक वस्तू अशी आहे की, ती हाती घेताच हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून सुटे होतात. ती वस्तू म्हणजे पिस्तूल. स्वस्तात मिळणारे, परदेशी बनावटीचे, हातात मावणारे पिस्तूल भरवशाचे असते की नाही, दिलेल्या पैशाचे त्यात मोल असते की नाही, हा प्रश्न वरवर पाहता बैलाच्या दातांइतकाच व्यवहाराचा आहे. जगात पुष्कळ ठिकाणी तो तसाच विचारला जातो. दिवाळीच्या दिवसांत, घरची मुले टिकल्यांची पिस्तुले घेऊन अंगणात धावत असताना, हा विषय काढणे कोणाला अवेळी वाटेल. परंतु मुलांच्या त्या खेळातच प्रश्नाचे मूळ आहे. टिकली वाजली नाही तर मूल रडते. खऱ्या पिस्तुलाच्या बाबतीत रडण्याचे कारण कोणते, ते वाजणे की न वाजणे, एवढेच आपल्याला येथे पाहायचे आहे.

प्रथम धातूचाच विचार करू, कारण जाणकाराच्या ज्ञानाला कमी लेखून नीतीचा विचार पुढे जात नाही. बंदुकीची परीक्षा घेण्याची युरोपातील पद्धत मोठी शिस्तीची आहे. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली. बेल्जममधील लिएज शहरात १६७२ पासून परीक्षेची व्यवस्था झाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ सालचे. तेथे नव्या नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात. नळी फुटली नाही, तडा गेला नाही, तर तिच्यावर शिक्का उमटवतात. हा शिक्का म्हणजे शोभा नव्हे. या नळीने नेहमीपेक्षा मोठा धक्का सोसला आहे, याची ती साक्ष असते.

स्वस्त म्हणजे वाईट, असेही या व्यवहारात नेहमी ठरत नाही. फौजेने वापरून काढून टाकलेले हत्यार स्वस्त असते, कारण त्याची खरी किंमत दुसऱ्या कोणीतरी आधीच भरलेली असते. जुन्या, सर्वांना ठाऊक झालेल्या आराखड्यावरून केलेले हत्यार स्वस्त असते, कारण ते नव्याने शोधून काढण्याचा खर्च नसतो. रशियन तोकारेव्ह पिस्तुलाच्या चीन आणि युगोस्लाव्हियात झालेल्या नकला दिसायला ओबडधोबड, पण चालायला दणकट अशी त्यांची ख्याती आहे. म्हणून जाणकार झिलईकडे पाहत नाही. स्प्रिंगेत जोर आहे का, काडतुसे मिळतात का, मोडल्यास सुटे भाग मिळतील का, हे तो विचारतो. आणि शेवटी दोन गोष्टी पाहतो. चाप ओढला की गोळी सुटलीच पाहिजे. आणि चाप ओढला नाही तर, पिस्तूल हातातून दगडावर पडले तरीसुद्धा, गोळी सुटता कामा नये.

भरवशाची ही व्याख्या मोठी मार्मिक आहे. आपण भरवसा म्हणतो तेव्हा बहुधा पहिला भागच मनात असतो: वेळेवर चालणे. दुसरा भाग, अवेळी न चालणे, हा आपण विसरतो. माणसाच्या बाबतीतही असेच आहे. ज्याच्यावर भरवसा टाकावा तो मनुष्य हाकेला धावतो, हे खरेच. पण हाक नसताना, रागाच्या भरात, दुसऱ्याच्या चिथावणीने तो धावून जात नाही, हेही तितकेच खरे असावे लागते. पिस्तुलाच्या पोटात हा दुसरा गुण घालण्यासाठी कारागीर एक खटका बसवतो. माणसाच्या पोटात तो कोण बसवतो?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आपल्या येथील परिस्थिती पाहिली पाहिजे. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. स्वतंत्र भारताने त्याच्या जागी १९५९ चा कायदा आणला. परवाना असलेल्या माणसाला परदेशी पिस्तूल मागवता येण्याचा काळ १९८० नंतरच्या दशकात संपला. नामांकित नेमबाजांसारखे अपवाद सोडले तर ती वाट बंद आहे. त्यामुळे पूर्वी येऊन पडलेली वेब्ले अँड स्कॉटसारखी इंग्रजी रिव्हॉल्व्हरे आज हातोहात फिरत लाखांच्या घरात गेली आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले, त्याचीही किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. आणि परदेशी म्हणून गुपचूप स्वस्तात जे विकले जाते, ते बहुधा मुंगेरच्या किंवा मध्य प्रदेशातल्या एखाद्या भट्टीत घडवलेले असते. त्यावर अमेरिकेचा किंवा इटलीचा शिक्का मात्र ठळक असतो. तात्पर्य, आपल्याकडे जे परदेशी असते ते स्वस्त नसते, आणि जे स्वस्त असते ते परदेशी नसते. लिएजचा शिक्का परीक्षेनंतर उमटतो. येथे परीक्षेची जागाच शिक्क्याने घेतलेली असते.

खोट्या शिक्क्याची गोष्ट निघाली की, हिंगोलीच्या माणसाला हरिसिंगाची आठवण व्हायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्या छावणीच्या बाजारात हरिसिंग हा प्रतिष्ठित व्यापारी होता. त्याची हकीकत फिलिप मेडोज टेलरने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत दिली आहे, आणि आपणही याच्याशी व्यवहार केला होता असे तो सांगतो. जवळच्याच एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे, हे हरिसिंगाला समजले. त्याने मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याच्याकडून मुंबईचे कापड आणण्याचा परवाना रीतसर मिळवला. मग वाटेत तो व्यापारी, त्याची माणसे आणि बैल हाकणारे, या सर्वांना त्याने मारले. माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. तो पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितले म्हणून हे कळले. एरवी कळलेही नसते.

या हकीकतीत पिस्तूल नाही. ठगाचे हत्यार रुमाल. आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर रुमालाइतके स्वस्त आणि भरवशाचे हत्यार दुसरे नाही. त्याची दारू भिजत नाही, स्प्रिंग ढिली होत नाही, काडतूस संपत नाही, आणि त्याला परवाना लागत नाही. रेनॉल्ड्सने कागद तपासला, तो खरा होता. गिऱ्हाइकांनी कापड तपासले, तेही खरे होते. जी एक वस्तू तपासायची राहिली ती कोणाला दिसलीच नाही, कारण ती वस्तू म्हणजे समोर बसलेला, गोड बोलणारा, पत असलेला माणूस होता. हत्यार कोणते, हे शेवटी धातूवरून ठरत नाही. 'हत्यार' या शब्दात आपल्याला 'हत्या' ऐकू येते. पण त्या शब्दाचे नाते हत्येशी नसून हाताशी आहे. म्हणूनच सुताराची पेटीही हत्यारांची असते आणि खुन्याजवळ सापडते तेही हत्यारच असते. शब्दाने आपल्याला बोट दाखवून ठेवले आहे. आपण बोटाऐवजी लोखंडाकडे पाहत बसतो.

पण यावर कोणी म्हणेल, हात जर चांगला असेल तर मग हत्यारही चांगले असावे, एवढे तरी कबूल करा. हे म्हणणे वजनदार आहे, आणि महाराष्ट्राच्या इतिहासातले तीन प्रसंग त्याच्या कसोटीवर घासून पाहण्यासारखे आहेत.

पहिला १९०९ सालचा. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात धाडली. ब्राउनिंग म्हणजे त्या काळचे उत्तम परदेशी पिस्तूल. त्यातल्या एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे या तरुणाने नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध केला. पिस्तूल भरवशाचे ठरले. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या तरुणांनी स्वतःच्या प्राणाची किंमत आधीच मोजून ठेवली होती, म्हणून आपण त्यांच्यापुढे मान लववतो. पण लक्षात घ्या, आपण मान लववतो ती त्यांच्या त्यागापुढे. ब्राउनिंगच्या अचूकपणापुढे नव्हे.

दुसरा १९३१ सालचा. सोलापूरच्या मार्शल लॉच्या संतापातून २२ जुलै रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन याच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसनच्या खिशात असलेल्या एका धातूच्या वस्तूवर गोळी अडली आणि तो वाचला. गोगट्यांना सक्तमजुरी झाली, फाशी नव्हे. ते पुढे सुटून आले आणि सार्वजनिक जीवनात वावरले. जाणकाराच्या हिशेबी ही गोळी वाया गेली. माणसाच्या हिशेबी तिने दोन आयुष्ये वाचवली: ज्याच्यावर झाडली त्याचे, आणि ज्याने झाडली त्याचेही. म्हणून गोगट्यांचा संताप खोटा ठरत नाही. सोलापूरचा अन्याय खराच होता. पण फसलेल्या गोळीलाही मोल असू शकते, ही गोष्ट पिस्तुलाच्या कोणत्याच किंमतपत्रकात लिहिलेली नसते.

तिसरा प्रसंग सांगायला जड जातो, पण तो टाळला तर हा विचार अप्रामाणिक होईल. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींच्या जिवावर उठलेली मंडळी सकाळी हिंदू महासभा भवनाच्या मागच्या रानात जमली. जवळच्या दोन रिव्हॉल्व्हरांची त्यांनी परीक्षा घेतली. एक नीट चालेना. दुसऱ्याची गोळी नेमलेल्या झाडापर्यंत पोचली नाही. त्या दिवशीचा कट फसला, त्याला इतरही कारणे होती. मग नथुराम गोडसे आणि आपटे ग्वाल्हेरला गेले आणि इटलीत बनलेले बेरेट्टा पिस्तूल त्यांनी मिळवले. ३० जानेवारीला त्याच्या तीन गोळ्या सुटल्या. एकही फसली नाही.

या दहा दिवसांकडे नीट पाहा. वाईट हत्यारांनी त्या माणसांना दहा दिवसांची मुदत दिली होती. मन पुन्हा एकदा उलगडून पाहायला दहा दिवस थोडे नव्हेत. ते सारे दिवस चांगले पिस्तूल शोधण्यात गेले. रिव्हॉल्व्हर तपासायला झाड होते. आपली खात्री तपासायला त्यांनी कोणतेच झाड नेमले नव्हते. ज्या मनाला स्वतःविषयी यत्किंचितही शंका उरलेली नाही, त्याच्या हाती भरवशाचे हत्यार पडणे, यापरते संकट नाही. तेथे हत्याराचा प्रत्येक गुण हा जगाचा तोटा असतो. म्हणजे कामाला चांगले आणि माणसाला चांगले, या दोन अर्थांची आपण सुरुवातीला जी फारकत पाहिली, ती येथे पूर्ण होते.

एका माणसाचे हे झाले; एका राज्याचेही असेच होते. आज ज्याला हिंगोली जिल्हा म्हणतात तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. १९४८ साली हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या वर्षी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांतून संस्थानात शस्त्रे आणून टाकत होता. परदेशी शस्त्रांवर विसंबलेले ते राज्य १३ सप्टेंबरला सुरू झालेल्या पोलीस कारवाईपुढे १७ सप्टेंबरला कोसळले. पैनगंगेपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी तळ देऊन रझाकारांशी झुंजणाऱ्यांजवळची हत्यारे जाणकाराने हातात धरली नसती अशी होती. पण रात्री दार उघडून भाकरी देणारी घरे त्यांच्या बाजूला होती. ज्या राज्यावर त्याच्या प्रजेचाच भरवसा नाही, त्याने विमानभर भरवसा बाहेरून आणला तरी तो पाच दिवसच पुरतो. वापटीच्या बहिर्जी शिंद्यांचे नाव वसमतच्या महाविद्यालयाला आहे. विमानातून आलेल्या बंदुकांचे नाव कोणाला आठवत नाही.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. आखाड्यावर रात्री एकटा राहणारा शेतकरी, मोंढ्यातून रोकड घेऊन गावी परतणारा व्यापारी, यांना भीती वाटते ती खोटी नाही. पोलीस ठाणे लांब, अंधार जवळ. आत्मरक्षणाचा हक्क कायद्यानेही मान्य केला आहे. त्याला उपदेश करणे शहरात दिवा लावून बसलेल्याला सोपे आहे. मी त्याला उपदेश करत नाही. फक्त त्याचा हिशेब पुरा मांडावा म्हणतो. उशाखाली ठेवलेले पिस्तूल चोर येईल त्या एका रात्रीसाठी घेतलेले असते. बाकीच्या साऱ्या रात्री ते घरातल्या माणसांबरोबर काढते. त्या रात्रींत बांधावरचे भांडण असते, दारू असते, कुतूहलाने उशी उचलणारे पोर असते. आणि आपल्या मराठवाड्याने अनुभवाने जाणलेली ती रात्रही असते, जेव्हा कर्जाने आणि नापिकीने खचलेला माणूस सर्वांना झोपवून एकटा जागा राहतो. अशा घटकेला मनुष्य वाचतो तो थोड्या उशिराने. कोणी हाक मारते, मूल झोपेत कुशीवर वळते, पहाट होते, आणि ती घटका टळते. भरवशाचे पिस्तूल हा उशीरच काढून घेते. घरात बंदूक असली की आत्मघाताचा धोका वाढतो, हे अभ्यासकांनी अनेक देशांत पुन्हापुन्हा दाखवले आहे. 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आपण हसत वापरतो. येथे म्हैस भरवशाची ठरते, हेच दुःख असते.

म्हणून मोल करायचे तर ते शेजारासकट करावे लागते. एका आखाड्यावरून दिलेली हाक दुसऱ्या आखाड्यावर ऐकू जाते की नाही, जागलीला दोघे मिळून जातात की नाही, भावकीत बोलणे आहे की नाही, हेही संरक्षणाचेच भांडवल आहे. पिस्तूल विकत घेणारा पुष्कळदा हे भांडवल संपल्यामुळे ते घेतो; आणि घेतल्यावर उरलेसुरलेही संपते, कारण ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याच्या ओसरीवर कोणी मोकळेपणाने बसत नाही. ही किंमत पावतीवर नसते, पण ती भरावी लागतेच.

हात पारखण्याची काही सोय आहे का? कायदा आपल्या परीने ती करतो. १९५९ च्या कायद्याने अयोग्य माणसाला परवाना नाकारता येतो; २०१६ च्या नियमांनी हत्यार हाताळण्याचे शिक्षण आणि प्रकृतीचा, मनाच्या स्वास्थ्याचाही, दाखला मागितला आहे; २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ दोनच हत्यारे ठेवली आहेत. हे सारे हवेच. पण हरिसिंगाजवळही परवाना होताच. कागद हात तपासू शकतो, मन नाही.

मन तपासण्याची आपली कथा मात्र याच मातीतली आहे. हिंगोलीजवळचे नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारले, या थापटण्याने काय करता? मडके कच्चे की पक्के ते पाहतो, असे ते म्हणाले. मग यांतली कच्ची कोणती पाहा, असे तिने सांगितले. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे शांत राहिले. नामदेव रागावले, आणि मडके कच्चे ठरले. लिएजच्या परीक्षागृहात जे नळीचे करतात तेच येथे माणसाचे केले गेले: नेहमीपेक्षा थोडा जास्त धक्का द्यायचा आणि काय फुटते ते पाहायचे. फरक एवढाच की, फुटलेली नळी फेकून देतात. नामदेवांना कोणी फेकले नाही. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन परतले.

माणसाच्या परीक्षेत ही सवलत आहे, की कच्चे ठरणे हा शेवट नसतो. ती सुरुवात होऊ शकते. पिस्तुलाच्या परीक्षेत ती नाही, आणि पिस्तूल हाती असताना माणसालाही ती उरत नाही. खंडेनवमीला आपल्या घरांत विळा, पास, कुऱ्हाड आणि असेल तर बंदूकही एकाच पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. हिंगोलीच्या प्रसिद्ध दसऱ्यात त्याच्या दुसऱ्या दिवशी रावण जळतो. ज्या लंकेजवळ शस्त्रांची वाण नव्हती, त्या लंकेचा तो राजा. पुढच्या खेपेला पाटावर हत्यारे मांडताना घरातल्या वडीलधाऱ्याने पोरांना प्रत्येक हत्याराची धार दाखवावी. आणि मग त्यांना विचारावे की, गेल्या वर्षात तुमच्यापैकी कोणाला थापटणे बसले, आणि तेव्हा तो काय म्हणाला? ज्या घरात या प्रश्नाला खरे उत्तर मिळते, त्या घरात कोणते हत्यार भरवशाचे, ते वेगळे विचारावे लागणार नाही.